मुलीच्या कॉलेजचे पैसे आणि डिस्नेचा शेअर

तुमचं पत्र थोडक्यात असं. तुम्ही अमेरिकेत नोकरी करता आणि डिस्नेच्या मालकीच्या मार्व्हलचे, म्हणजे सुपरहिरोंच्या चित्रपट-मालिकांचे, पहिल्या 'आयर्न मॅन'पासूनचे चाहते आहात. मार्च 2021 मध्ये तुम्ही डिस्नेचे 60 शेअर 190 डॉलरच्या भावाने घेतले. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजात जाईल आणि तिच्यासाठी 24 हजार डॉलर बचत खात्यात पडून आहेत. आता मार्व्हलच्या मालिका पुन्हा जोर धरतील, शेअर स्वस्त मिळतोय, म्हणून ते पैसे घालून ॲव्हरेज करावं, म्हणजे स्वस्तात आणखी शेअर घेऊन खरेदीची सरासरी खाली आणावी, असं तुम्हाला वाटतं. पत्नी म्हणते, नवे घेऊ नकाच, आहेत तेही विकून मोकळे व्हा.

24 हजारांना हात लावू नका, हे आधीच सांगून टाकतो. आता कारणं, कारण चाहत्याला नुसता नकार पटत नाही.

तुम्ही लिहिता, मार्व्हलच्या 'वांडाव्हिजन' या मालिकेमुळे शेअर चढला आणि ते बघूनच तुम्ही घेतला. तारखा जुळतात, हे खरं. मालिकेचा शेवटचा भाग 5 मार्च 2021 ला आला आणि पुढच्या सोमवारी, 8 तारखेला, शेअर 201 डॉलरच्या वर बंद झाला. त्या उंचीवर तो नंतर पुन्हा गेला नाही. पण त्याच 5 मार्चला कॅलिफोर्निया सरकारने थीम पार्क 1 एप्रिलपासून मर्यादित गर्दीत उघडायला परवानगी दिली होती. कोविडमध्ये वर्षभर कुलूप लागलेलं डिस्नेलँड उघडणार, ही बातमी बाजाराला वांडाच्या जादूपेक्षा मोठी होती. तुम्ही पडद्याकडे बघत होतात, बाजार फाटकाकडे.

ही कंपनी कशावर जगते ते बघा. 2024 च्या आर्थिक वर्षात डिस्नेच्या विभागांचा मिळून जो कार्यकारी नफा होता, त्यातला साधारण 60 टक्के पार्क, क्रूझ आणि खेळणी वगैरेंच्या विभागातून आला. मार्व्हल त्यात आहेच, पण अनेकांतला एक म्हणून.

मालिकांचा हिशेब तर उलटाच निघाला. डिस्ने प्लस ही कंपनीची स्ट्रीमिंग सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये महिना 6.99 डॉलरला सुरू झाली, पहिल्याच दिवशी एक कोटी लोकांनी नाव नोंदवलं. या लोकांना दर महिन्याला बांधून ठेवायचं, तर सतत काहीतरी नवं हवं. म्हणून चित्रपटांच्या तोडीच्या खर्चाच्या मालिका दर आठवड्याला एक भाग अशा सोडल्या. चित्रपटाचं तिकीट विकलं की पैसे लगेच दिसतात. मालिकेच्या भागाला वेगळं तिकीट नाही, खर्च मात्र आज होतो. जुलै ते सप्टेंबर 2022 या तिमाहीत डिस्ने प्लसचे वर्गणीदार सुमारे 1 कोटी 20 लाखांनी वाढले आणि त्याच तिमाहीत स्ट्रीमिंगचा तोटा जवळपास दीड अब्ज डॉलर होता. गर्दी वाढली की गल्ला वाढतो, हा हिशेब इथे लागू पडला नाही. निकालानंतर दोन आठवड्यांत मुख्याधिकारी बॉब चापेक गेले आणि बॉब आयगर परत आले.

शिवाय गोष्ट इतकी पसरली की चित्रपट बघायला जाण्याआधी 'गृहपाठ' लागायला लागला. नोव्हेंबर 2023 मधल्या 'द मार्व्हल्स' या चित्रपटातल्या तीनपैकी दोन नायिकांची गोष्ट मालिकांमधून पुढे आलेली होती. जगभरात त्याने सुमारे 20.6 कोटी डॉलर कमावले, मार्व्हलच्याच 'एंडगेम'ने 2.8 अब्जांच्या घरात कमावले होते. सगळा दोष मालिकांचा नाही, पण लक्ष विखुरलं हे आयगर यांनीही मान्य केलं. मे 2024 मध्ये त्यांनी मालिका वर्षाला चारांवरून दोनांवर आणि चित्रपट दोन, फार तर तीनांवर आणत असल्याचं सांगितलं. म्हणजे तुम्ही ज्या जोराची वाट बघताय, तो कंपनीने मुद्दाम कमी केला. भागधारक म्हणून मला ते आवडलं, प्रेक्षक म्हणून थोडं वाईट वाटलं.

पत्नीचं म्हणणं मात्र अर्धंच पटतं. कंपनी वाईट नाही. एप्रिल ते जून 2024 या तिमाहीत डिस्ने प्लस, हुलू आणि ईएसपीएन प्लस या कंपनीच्या तिन्ही स्ट्रीमिंग सेवा मिळून पहिल्यांदा नफ्यात आल्या. 2020 मध्ये बंद केलेला लाभांश जानेवारी 2024 मध्ये पुन्हा सुरू झाला, शेअरमागे 30 सेंट. तुमच्या 60 शेअरवर 18 डॉलर. जवळपास तीन वर्षं थांबल्याबद्दल.

आता ॲव्हरेज करण्याचं गणित. भाव 110 धरू. 24 हजारांत 218 शेअर येतील आणि तुमची सरासरी 190 वरून 127 वर येईल. कागदावर छान दिसतं. पण आज एका कंपनीत तुमचे 6,600 डॉलर आहेत, ते 30,600 होतील आणि त्यातले बरेचसे फीचे. भाव 80 पर्यंत उतरला, जसा तो ऑक्टोबर 2023 मध्ये उतरला होता, तर कॉलेजची तारीख पुढे ढकलता येणार नाही. फी भरायच्या महिन्याआधी मुदत संपेल अशी ट्रेझरी बिलं किंवा नोट्स, म्हणजे अमेरिकी सरकारचे कर्जरोखे, घ्या. व्याजावर राज्याचा आयकर लागत नाही आणि भाव बघत बसावं लागत नाही.

जुने 60 शेअर मी असतो तर यंदाच विकले असते. तोटा 4,800 डॉलर. दुसरा भांडवली नफा नसेल, तर कर मोजताना त्यातले 3,000 यंदाच्या पगाराच्या उत्पन्नातून वजा होतील, उरलेले 1,800 पुढच्या वर्षी. कंपनीवर विश्वास असेलच, तर 30 दिवस उलटल्यावर पगारातून थोडे थोडे परत घ्या, एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांच्या आत. तुमच्या 401(के) मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यात, एस अँड पी 500 या अमेरिकी शेअर निर्देशांकाचा फंड असेल, तर डिस्ने तिथेही थोडा आहेच.

विक्रीच्या आधीचे आणि नंतरचे 30 दिवस मात्र जपा. या काळात तोच शेअर घेतला, तर तोटा यंदा धरता येत नाही. लाभांश आपोआप परत गुंतवण्याची सोय चालू असेल, तर आधी बंद करा, कारण तेवढी खरेदीही मोजली जाते. आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यातली खरेदी मोजतात, आणि पत्नीच्या खात्यातलीही. तेव्हा तिच्या नावावर घेण्याचा विचार मनात आला असेल, तर तिला विचारण्याची गरजही उरली नाही.