सुई काढताना तुम्ही काय म्हणालात?

"ताई, अकरा वर्षं वॉर्डात आहे. परवा नाइटला बेड नंबर नऊचे आजोबा गेले. सवयीने 'थोडं दुखेल हं' म्हणत त्यांची सुई काढली, चार्ट भरला आणि दहा नंबरचं इंजेक्शन द्यायला गेले. डोळ्यांत टिपूसही नाही. नवी मुलगी मात्र आडोशाला जाऊन रडत होती. इनचार्ज तिला म्हणाल्या, 'हिच्यासारखं खंबीर व्हायला शिक.' ते कौतुक मला बोचलं. मी दगड झालेय का?"
— एक सिस्टर

सिस्टर,

एक वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलंत आणि मी तिथेच अडले. गेलेल्या माणसाला तुम्ही 'थोडं दुखेल हं' म्हणालात. सवय म्हणा हवं तर. दगडाला असली सवय लागत नाही.

दहा नंबरचं इंजेक्शन वेळेवर जायलाच हवं होतं. त्या घटकेला रडू मागे सारता येणं हे तुमच्या कामातलं कसब आहे, शीर सापडण्यासारखंच. मागे सारलेल्याला नंतर कधी वाट मिळाली का, हे मात्र बघायला हवं. अकरा वर्षांत बहुधा मिळालेली नाही, म्हणून तर हे पत्र.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये कामातली होरपळ, म्हणजे बर्नआउट, मोजायची प्रश्नावली केली. तीत थकव्यासोबत माणसांबद्दल येणारा कोरडेपणाही मोजतात. बेड नंबर सगळेच म्हणतात, त्याचं मनाला लावून घेऊ नका. नातेवाइकाने तेच तिसऱ्यांदा विचारल्यावर चिडचिड होते ना? होऊ दे. त्याचा प्रश्न कानावर पडूनही आत पोचेनासा झाला, की मात्र सावध व्हा. झोप उडाली किंवा ड्युटीच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा यायला लागला, तर समुपदेशकाकडे जा. पेशंटला हेच सांगाल ना?

इनचार्जबाईंचं मला पटलं नाही. त्या मुलीचं रडणं आणि तुमचं न रडणं, दोन्ही कामात जीव असल्याचीच लक्षणं. शिवाय, त्या रात्री तुमच्या वाट्याला पेशंट किती होते? पत्रात ते नाहीच! २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नर्समागे एकेक पेशंट वाढला की होरपळीची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. तेव्हा सगळं खापर स्वतःच्या मनावर फोडू नका. वाट्याला आलेल्या पेशंटचा आकडा रोज लिहून ठेवा, महिनाअखेरीस इनचार्जपुढे ठेवा.

आणखी एक. जोनाथन बार्टेल्स नावाच्या अमेरिकेतल्या एका नर्सने एक साधी रीत पाडली. पेशंट गेला की सगळ्यांनी बेडभोवती जेमतेम मिनिटभर गप्प उभं राहायचं, मग पुढच्या कामाला लागायचं. तुमच्या वॉर्डात तेवढं मिनिट निघेल. निघत नसेल, तर तेही त्या आकड्यांशेजारी लिहा.

पुढच्या वेळी त्या मुलीला शेजारी उभी करा. सुई काढताना तुम्ही जे म्हणता, ते तिला ऐकू दे.