नेत्याच्या यशात जोडीदाराचा वाटा खरंच किती असतो?

आमच्या बीडकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. राजकारणात पण मेहनत दोघांचीच असते, फक्त बॅनरवर फोटो एकाचा लागतो. तुम्ही किती वाटा म्हणून विचारलंय, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

माझे चुलते २००७ ला जिल्हा परिषदेला पडले. पडलेल्या माणसाच्या दारात कुणी फिरकत नाही, पण काकूनं चहाचं पातेलं काही उतरवलं नाही, दोन माणसं येऊ देत नाहीतर वीस, आणि रात्री कुणाचा दवाखान्यातून फोन आला की काकाला हलवून उठवायची तीच. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की बायका तिला म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं बघा म्हणून सांगून जायच्या आणि ती सगळं एका जुन्या वहीत लिहायची, कोण कोणत्या मुकादमाकडं म्हणजे टोळी नेणाऱ्याकडं, कारखाना कोणता, घरी मागं कोण आहे. सातवी शिकलेली, लिहायला वेळ लागायचा पण लिहायचीच.

२०१२ ला मतदान आलं फेब्रुवारीत, ऐन हंगामात, अर्धं गाव पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. सगळे उमेदवार नुसती माणसं शोधत होते आणि काकू वही उघडून एकेका मुकादमाला फोन लावत होती, दोन दिवसाची सुट्टी द्या म्हणून. माणसं आली, काका निवडून आले. सत्कारात काकानं पार ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचे आभार मानले, काकूचं नाव घेतलं नाही. ती मागं पंगत वाढत होती. मला ते आजपण लागतं.

मोठ्या लोकांचं पण वेगळं नाही. यशवंतराव चव्हाणांचं लग्न जून १९४२ चं, दोन महिन्यात चले जाव चळवळ पेटली, ते भूमिगत झाले आणि वेणूताईंना नवी नवरी असताना तुरुंगात जावं लागलं. १९८३ ला वेणूताई गेल्या, त्यानंतर दीड वर्षात यशवंतराव पण गेले.

बाई नेता असेल तर? आमच्या केशरकाकू क्षीरसागर तर १९८० पासून तीनदा बीडच्या खासदार झाल्या, तेपण पंचायतीत, जिल्हा परिषदेत बायकांना ५० टक्के आरक्षण यायच्या कितीतरी आधी. पण हल्ली सरपंच बाई असते आणि मीटिंगमध्ये नवरा बसतो, त्याला मी साथ म्हणणार नाही, तो तिचा हक्क मारणं आहे.

२०१७ ला आमचा जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी सुटला आणि अर्ज काकूचा भरला. पहिल्या सभेत काकानं भाषण लिहून दिलेलं, तिनं तो कागद घडी करून ठेवला आणि समोर बसलेल्या बायकांना एकेकीला नावानं हाक मारून विचारायला लागली, सासूचा पाय कसा आहे गं, पोरगी बारावीला बसली का. काका स्टेजवर खाली मान घालून ऐकत होते.