हायब्रीड टोमॅटोला गावरानसारखी चव आणता येते का?

तुम्ही विचारलंय की हायब्रीड टोमॅटो दिसायला एक नंबर पण चवीला नुसतं पाणी, तर चवीचं हायब्रीड आपल्याला घरी करता येईल का. येतं की. मी देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये कंपनीसाठी टोमॅटोचं बियाणं करते, क्रॉसिंग, म्हणजे एका वाणाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लावणं, रोजच्या हाताखालचं काम आहे, म्हणून सांगते.

चव हायब्रीड केल्यामुळे जात नाही, ती निवडीत जाते. वीस किलोच्या क्रेटमध्ये तळाचा टोमॅटो फुटू नये, लांबच्या मार्केटला पोचेपर्यंत कडक राहावा आणि झाडाला माल भरपूर लागावा, एवढंच बघून वर्षानुवर्षं निवड झाली. आता पानं साखर करणार ठरावीक, ती जास्त फळांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार. टिकाऊपणासाठी काही हायब्रीडमध्ये आई किंवा बापाच्या एका बाजूने रिन नावाचा जीन आणतात, त्याने फळ उशिरा नरम पडतं पण रंग आणि वास दोन्ही मार खातात. आणि जुन्या वाणांच्या कच्च्या फळाला देठाजवळ गडद हिरवे खांदे असायचे आठवतंय का, फळ एकसारखं लाल व्हावं म्हणून ते घालवले, पण 2012 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की ज्या जीनमुळे हे हिरवे खांदे येतात त्याच जीनमुळे फळात साखरही जास्त तयार होते.

आता करायचं कसं. नर (ज्याचा पराग घ्यायचा) आणि मादी (जिच्यावर फळ धरायचं) दोन्ही सरळ वाण घ्या, म्हणजे ज्यांच्या बियांपासून पुन्हा तशीच झाडं येतात असे, पुसा रुबी, अर्का विकास किंवा घरचं गावरान, पाकिटातलं हायब्रीड घेतलं तर पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत. आणि दोन्हीकडे चव हवी, कारण गोडी साधारण दोघांच्या मधोमध उतरते, एक गोड नि एक पाणचट घेऊन काही होत नाही. मी पहिल्यांदा चेरी आणि मोठा टोमॅटो क्रॉस केला, वाटलं मोठं आणि गोड फळ मिळेल, तर लिंबापेक्षा लहान फळं लागली, आकार लहानाकडेच झुकतो हे तेव्हा कळलं.

मादीची कळी संध्याकाळी घ्यायची, उद्या उमलेल अशी, पाकळ्या फिकट पिवळ्या पण मिटलेल्या. बारीक चिमट्याने मधली पिवळी नळी अख्खी उचलायची, आतली हिरवी काडी दुखावली की कळी गेली समजा. दोन निदलं, म्हणजे कळीच्या बुडाशी असलेली हिरवी पानं, कापून खूण ठेवायची. नराच्या उमललेल्या फुलांच्या नळ्या सावलीत वाळवून, बारीक कापडातून गाळून पराग डबीत घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काडीच्या टोकाला लावायचा. हे थंडीत करा, दिवसा पस्तीसच्या वर पारा गेला की पराग कामाचा राहत नाही.

फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, साधारण दीड-दोन महिन्यांनी बी काढा, एक दिवस गरातच आंबवून धुवा. त्या बियांची झाडं लागली की खरी परीक्षा, पंधरा-वीस झाडं तरी लावा आणि शेजारी आईबापाची पण दोन-चार लावा, नाहीतर तुलना कशाशी करणार. रिफ्रॅक्टोमीटर (रसातली गोडी मोजायचं छोटं यंत्र) असेल तर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, बघा, बाजारातला टोमॅटो चार-पाचच्या आसपास येतो, तुमचा सहाच्या वर गेला तर मस्तच. पण फक्त आकड्यावर जाऊ नका, चव म्हणजे आंबटपणा आणि वासही, कापून मीठ न लावता घरातल्या सगळ्यांना खायला द्या. फ्रीजमधला देऊ नका, थंडीत वास मरतो.