लिपी बोलतात म्हणे!

प्रश्न आलाय की कादंबरी लिहायलोय, त्यात राक्षसांची एक जमात आहे, ती 'राक्षसी लिपी बोलते' असं लिहिलं तर चालेल का, का दुसरा शब्द आहे?

नाही चालत. लिपी लिहितात, बोलतात ती भाषा. कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून इकडं जो तो 'मोडी भाषा' म्हणायलाय, कान किटले राव. मोडी ही लिपी, आतली भाषा मराठीच!

शब्द तयार आहे, पैशाची. पिशाचांची म्हणून नावाजलेली प्राकृत, आणि तिचा सगळ्यात मोठा ग्रंथ बृहत्कथा, आमच्या पैठणच्या दरबारातल्या गुणाढ्य पंडिताचा. कथासरित्सागरात गोष्ट आहे, सातवाहन राजा राण्यांसोबत पाण्यात खेळत होता, एक राणी म्हणाली 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, पाणी नका मारू, तर ह्या गड्यानं मोदक मागवले! मग लाजून संस्कृत शिकायला बसला. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, दरबारातलाच दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला सहा महिने, पैज गुणाढ्य हरला आणि ठरल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत, देशी तिन्ही सोडून विंध्यात गेला. तिथं पिशाचांची भाषा शिकून सात लाख श्लोक लिहिले, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजानं नाकारले, त्यानं सहा लाख जाळले.

पिशाच म्हणजे पिशित, मांस खाणारा, ही व्युत्पत्ती सगळ्यांना पाठ आहे, सोडा. खरी गंमत पुढं. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात पिशाचचं 'पिसल्ल' होतं. आता आपला 'पिसाळलेला' कुत्रा बघा! पिसा म्हणजे वेडा, पिसं लागणं म्हणजे वेड लागणं, हे सगळं एकाच घरचं. पिसाळणं थेट पिसल्लवरनं आलं हे माझं मत, कुणी पुरावा मागितला तर माझ्याकडं कुत्र्याशिवाय काही नाही, पण मी हटणार नाही.

भाषांचा अभ्यासक ग्रिअर्सनसाहेबानं १९०६ साली पिशाच भाषा पार वायव्येला, काश्मीरकडं नेऊन ठेवल्या. मोठा माणूस, पण गोष्टीत सरळ विंध्य लिहिलेला असताना इतक्या लांब कशाला जायचं? दुसरा अभ्यासक स्टेन कोनो विंध्याच्या बाजूचा होता, मी त्याच्याकडं.

हां, तुमची कादंबरी. पैशाचीत द चा त होतो, मदनचा मतन, दामोदरचा तामोतर. तुमच्या राक्षसाला एखाद्या दामोदरला अंधारात हाक मारायला लावा, 'ए तामोतर!', त्याला लिपी लागत नाही.