कंपनीच्या राउटरचं वायफाय वरच्या मजल्यावर पोचत नाही. प्लॅन वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरला रो हाउस आहे, प्लॅन 100 एमबीपीएसचा, खाली हॉलमध्ये नेट ठीक चालतं, वरच्या बेडरूममध्ये तीन-चारच्या पुढे जात नाही, आणि तक्रार केली तर ‘मोठा प्लॅन घ्या’ म्हणाले. घेऊ नका. मी सिडकोत राहतो, घर असंच, आणि हा मूर्खपणा करून बसलोय. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून 200चा प्लॅन घेतला. वर होतं तेवढंच राहिलं. खाली राउटरला लॅपटॉप वायरने जोडून पाहिला, तर तिथेही 94. तेव्हा कळलं की त्यांनी दिलेल्या डब्याचे लॅन पोर्टच (घरातली वायर खोचायच्या खाचा) जास्तीत जास्त 100 एमबीपीएसचे आहेत आणि वायफाय फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं (हा जुना, कमी वेगाचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा). म्हणजे वाढीव 100 मला मिळायचा मार्गच नव्हता!

तर पहिलं काम हेच करा. लॅपटॉप वायरने राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा, स्पीड बघा. नव्वदच्या आसपास आला तर लाइन धडधाकट आहे, दुखणं घरातलं आहे. वायरनेही वीस-तीसच दिसत असेल तर स्क्रीनशॉट काढून खुशाल भांडा. (डाउनलोड करताना सेकंदाला 12 मेगाबाइटच दिसतं म्हणून मात्र भांडू नका. 100 हे मेगाबिट असतात. आठने भागलं की साडेबारा. माझे मेहुणे यावरून कस्टमर केअरशी अर्धा तास वाद घालत होते.)

दुखणं घरातलं निघालं तर राउटर कुठे बसवलाय ते बघा. लाइन जोडायला येणारा पोरगा खिडकीतून वायर आत येते तिथेच खिळा ठोकून मोकळा होतो. आमचा डबा टीव्हीच्या मागे होता, शेजारी फ्रिज, वरच्या खोलीत बरोबर त्याच जागी लोखंडी कपाट. वर स्लॅब, स्लॅबमध्ये सळ्या. लोखंड आणि पाणी, दोन्ही वायफायचे वैरी. डबा जिन्याजवळ, डोक्याच्या उंचीवर हलवून घ्या. जिन्याच्या मोकळ्या जागेतून सिग्नल वर जातो. फायबरची वायर स्वतः ओढू नका. मी फर्निचरच्या मागून काटकोनात वळवली आणि एलओएसचा लाल दिवा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याची खूण) लागला. दोन दिवस घर नेटशिवाय. त्यांच्या माणसालाच बोलवा, चहा पाजा, लांब वायर टाकून मागा.

चॅनेलचंही बघा, म्हणजे बँडच्या आतली कुठली लेन तुमचं वायफाय वापरतं ते. आमच्याकडे भिंतीला भिंत लागून घरं, फोनवर वायफाय शोधलं की पंधरा-वीस नावं दिसतात. 2.4 वर एकमेकांना न घासणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. वायफाय अॅनालायझरसारखं अॅप टाकून सर्वांत मोकळा कोणता ते बघा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’ काढून तो ठेवा, रुंदी 20 मेगाहर्ट्झ. सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड बहुतेक डब्यांच्या बुडाशी चिकटवलेला असतो. 5 गिगाहर्ट्झ असेल तर डबा असलेल्या खोलीत तेच वापरा. वेग जास्त, पण भिंत आली की लवकर दम टाकतं.

एवढं करूनही वर रडतच असेल तर मग खर्च, पण प्लॅनवर नाही. भिंतीत खोचायचा स्वस्त रिपीटर मी घेतला होता. एकाच बँडवर तो ऐकणार आणि त्याच बँडवर पुढे सांगणार, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय जिथे रेंजच मेलेली तिथे तो लावला तर तो तरी काय पुढे पाठवणार? शेवटी इलेक्ट्रिशियनकडून जिन्याच्या कडेने कॅट 6 वायर (नेटवर्कची आठ तारांची केबल) वर नेली आणि वर स्वतःचा ड्युअल बँड (2.4 आणि 5 दोन्ही असलेला) राउटर लावला. वायर घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमचीही मिळते, स्वस्त असते. आणि आठही तारा जोडायला सांगा. चारच जोडल्या तर 100वरच अडकाल.

कंपनीचा डबा काढून फेकू नका. फायबरच्या डब्याची नोंद त्यांच्याकडे असते, दुसरा आणून लावला तर चालेलच असं नाही. तो राहू द्या. वरच्या राउटरला ‘अॅक्सेस पॉइंट’ मोड द्या, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल, बाकी काम खालचाच करेल. तो मोड नसेल तर वरच्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा पत्ता खालच्यापेक्षा वेगळा ठेवा आणि खालून आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या नेटच्या पोर्टमध्ये) नाही. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला की फोन आपोआप बदलतो. जुने फोन कधीकधी खालचंच धरून बसतात, तेव्हा वायफाय एकदा बंद-चालू करायचं.

वायरवरचा आकडा आणि डब्यावरचं मॉडेल खाली लिहा. पोर्ट 100चे आहेत की 1000चे, ते त्यावरून सांगता येईल.