कारागिराला विचारा: बांधावरच्या लिंबाची ढोलकी

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला शेतकरी. गेल्या जुलैत बांधावरचा कडुलिंब वाऱ्यानं पडला. त्याचा ओंडका कातारीकडून बाहेरून कातून घेतला, आतून मीच पोखरला. गणपतीत वाजवायची म्हणून लगेच दोन्ही तोंडांवर चामड्याच्या पुड्या चढवल्या, तर गौरी जाईपर्यंत काठापासून वीतभर चीर गेली. लाकूडच वाईट होतं का? पुढच्या वेळी पुड्याही घरीच करीन म्हणतो. पुडीच्या मधोमध असते ती काळी शाई म्हणजे नुसतं वजनच ना?

उत्तर : लाकडावर खापर फोडू नका. आधी चीर जिथून निघाली तिथला काठ निरखून बघा. तिथं बारीक टिंब आणि त्याभोवती वाढीची कडी दिसली तर तो झाडाचा गाभा. बांधावरचं झाड कललेलं असतं, त्याचा गाभा मधोमध नसतो. कातारी बाहेरचा गोल बघून मध्य धरतो, आणि गाभा पोकळीत जायचा तो भिंतीत येतो. लाकूड वाळताना गाभ्याकडून सालीकडे जेवढं आक्रसतं, त्याच्या जवळपास दुप्पट कड्यांच्या अंगानं आक्रसतं. भिंतीत गाभा असला की ती ओढ तिथंच फुटते. त्यात तुमचं लाकूड जुलैचं, ओलंगच्च, आणि वरून पुड्यांचा ताण.

पुन्हा कराल तेव्हा ओंडका दोन्हीकडून चार-चार बोटं जास्त ठेवा आणि पडल्या दिवशीच तोंडांना घरातला उरलेला ऑइल पेंट फासा. तोंडं आधी सुकतात, चिरा तिथूनच धावतात. गाभा पोकळीत घेऊन आतून पोखरा, पण भिंत दीड इंच राखा. मग हे पोखरलेलं खोड सावलीत, गोणपाटाखाली ठेवून द्या. तुमच्याकडं बेदाण्याची शेड असेल, तर तिथं मात्र नको. तिथला वारा बेदाण्याला पंधरवड्यात वाळवायला बरा, खोडाला नव्हे. दर महिन्याला काट्यावर ठेवा आणि वजन खोडावरच पेन्सिलनं लिहा. उन्हाळ्यात सलग दोन महिने आकडा हलला नाही, की शेवटचं कातकाम. एवढ्या जाडीला वर्ष-दीड वर्ष धरून चला.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालो, तरी 2019 च्या पुरात सांगलीवाडीच्या घरात माझी चार कच्ची खोडं भिजली तेव्हा उतावीळपणा केलाच. पाणी ओसरल्यावर तीन खोडं गच्चीवर उन्हात मांडली. तिन्ही फुटली, एक तर रात्री फटाक्यासारखा आवाज करून. चौथं जिन्याखाली पोत्यांमागं विसरून गेलं होतं. होळीला गोवऱ्या शोधताना हाताला लागलं, एक चीर नाही. ती ढोलकी मेहुण्याकडं आहे, परत देत नाही.

वाळल्यावर काठ तपासा. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, काठावर पेन्सिलच्या रेघा मारा आणि खोड गोल फिरवत घासा. रेघ जिथं उरते तिथं खड्डा. खड्डा राहिला तर पुडी कितीही ताणा, एका बाजूला चढ आणि दुसरीकडं उतार बोलते. आतली धार बोटानं गोल लागली पाहिजे, नाहीतर चामडं कापतं.

पुड्यांचं म्हणाल तर नका करू. शाई नुसतं वजन असती तर मध्ये वॉशर चिकटवून भागलं असतं. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक द्यायचे, प्रत्येक थर दगडानं घोटायचा. घोटताना पडणाऱ्या केसाएवढ्या भेगांमुळंच ती चामड्याबरोबर हलते. शाईमुळं पुडीचे वरचे स्वर मूळ सुराच्या पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 सालीच दाखवलं. मिरजेला सतार-तंबोऱ्यासाठी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथंही एकच हात सगळं करत नाही. खोड तुमचं, पुडी पुडीवाल्याची. यात कमीपणा कसला?

प्रश्न : सागवानाच्या पट्ट्या चिकटवून खोड होईल का? (जत)

उत्तर : होईल, आणि गाभ्याची कटकटही नाही. बारा पट्ट्या घेतल्यात तर प्रत्येक कड 15 अंशात. कडा चोवीस, म्हणजे करवतीत अर्ध्या अंशाची चूक असली तरी शेवटी 12 अंशांची फट. म्हणून आधी सरस न लावता सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळून बघा आणि आतून टॉर्च लावा. उजेड दिसला तर रंधा पुन्हा हातात घ्या. सागवान तेलकट असतं, तेव्हा चिकटवण्याआधी कडा थिनरनं पुसा. ढोलकीचं पोट काढायचं असेल तर पट्टी सव्वा इंचाहून पातळ घेऊ नका.