टाच सारखी दुखते, उभं राहून काम होत नाही, दिव्यांग सर्टिफिकेट आणि पेन्शन मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं झाली टाच दुखतेय, आठ तास मशीनवर उभं राहवत नाही, तर दिव्यांगात बसतं का. मी नाशिकचाच, अंबडला कामाला होतो, तिथं रॅकवरून पडून टाचेचं हाड मोडलं आणि तेव्हापासून डावा पाय काही गप्प बसत नाही, म्हणून हे सगळं करून झालंय.

नुसतं दुखतंय यावर नाही मिळत. दुखण्याचे मार्क असतात, नाही असं नाही, पण केंद्राच्या मोजणीच्या नियमात दुखणं, वाकडेपणा, बधिरपणा हे सगळं मिळून वरून जास्तीत जास्त १० टक्के धरतात, आणि पेन्शन, नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, एसटीची ७५ टक्के सवलत वगैरे सुरू होतं ४० टक्क्यांपासून. मग बाकीचे आणायचे कुठून, तर घोटा वर-खाली, आत-बाहेर किती फिरतो, पायात जोर किती आहे, आणि त्या पायावर काय काय जमतं यातून.

हे शेवटचं नीट वाचा, कारण कोणी आधी सांगत नाही. सपाट जागी चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, फक्त दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं आणि वळणं, अशा नऊ गोष्टी बघतात. आपल्याकडची कामाची माणसं काय करतात, डॉक्टरांसमोर दात-ओठ खाऊन सगळं करून दाखवतात आणि बाहेर आल्यावर तासभर बाकड्यावर पाय धरून बसतात. अरे तिथं कसली मर्दुमकी! जिथं कळ येते तिथं थांबा आणि थांबलो का ते सांगा. उलटं पण करू नका हां, खोटं लंगडणं लगेच कळतं, खरंच वर्षानुवर्षं पाय वाचवून चालणाऱ्याची पोटरी बारीक झालेली असते, ते टेपने मोजता येतं. आणि बाहेर कोणी एजंट ४० करून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात खोटं सांगून लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

दुसरी अडचण म्हणजे कायमपणा. तुमचं जर प्लांटर फॅसायटिस असेल (तळपायाच्या जाड पट्ट्याचं दुखणं, सकाळी पहिली पावलं टाकताना जीव जातो, मग जरा सैल होतं, तसं) तर ते बहुतेकांचं पोटरीचे व्यायाम, चांगली चप्पल, वजन यावर वर्षभरात कमी होतं, त्यामुळे तपासणारा डॉक्टरांचा बोर्ड म्हणणार आधी ट्रीटमेंट पुरी करा. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं म्हणून खूश होऊ नका, ते न दुखणाऱ्यांच्याही एक्स-रेत दिसतं. पण तळपाय जळत असेल, मुंग्या येत असतील तर शुगर बघा आणि नसांची एनसीव्ही टेस्ट करून घ्या, नस गेलेली कागदावर आली तर केस वेगळी होते.

अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग तपासणीला आपल्याकडे त्र्यंबक नाक्याचं सिव्हिल. सगळे जुने केसपेपर, तारखेनुसार लावून न्या.

मला २४ टक्के मिळाले. म्हणजे पांढरं कार्ड (४० च्या आतल्यांचं), पेन्शन नाही. तसंही ही पेन्शन ज्यातून मिळते त्या संजय गांधी निराधार योजनेत ४० टक्के असून भागत नाही, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं, म्हणजे घरात एक जण जरी कंपनीत असेल तरी बाद. बसलात तर मात्र दिव्यांगांना आता महिना २,५०० आहेत, अर्ज तहसीलला.

माझं घर चाललं ते ईएसआयवर (पगारातून कापतात तो कामगार विमा), आणि याच्याबद्दल कोणी बोलत नाही. कामावर लागलेलं असेल तर पर्मनंट डिसेबलमेंट बेनिफिट मिळतं, त्याला ४० ची अटच नाही, त्यांचा बोर्ड कमवायची ताकद किती टक्के गेली ते ठरवतो आणि त्या हिशोबाने दर महिन्याला पैसे येतात. फक्त अपघाताची नोंद कंपनीच्या रजिस्टरला पाहिजे आणि रिपोर्ट ईएसआयकडे गेलेला पाहिजे, तिथंच बहुतेकांचं घोडं अडतं. कामावर लागलेलं नसेल, आपोआप सुरू झालेलं दुखणं असेल तरी सिकनेस बेनिफिट आहे, वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, डॉक्टरने सुट्टी लिहून द्यायला हवी. सरकारी नोकरी असेल तर अजून वेगळं, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, बसायचं काम द्यावं लागतं त्याच पगारावर.

तेव्हा आधी हे सांगा, दुखणं कशाने सुरू झालं आणि पगारातून ईएसआय कापतात का? कापत असतील तर सिव्हिलच्या आधी सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला जाऊन पाय दाखवा.